पियानो वाजवायला बोलावलंय, जाऊ का?

पत्र थोडक्यात: पत्रलेखक 27 वर्षांचे आहेत. कंडक्टिंगमधलं, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या संचालनातलं, पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपलं. दोन आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उपांत्य फेरी गाठली, पुढे गाडी सरकली नाही. मित्रांना जमवून त्यांनी बावीस वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केलाय. वर्षाला तीन-चार कार्यक्रम होतात, खर्च बहुतेक स्वतःच्या खिशातून. आता जर्मनीतल्या एका लहान शहराच्या ऑपेरा हाऊसनं त्यांना दोन सीझनसाठी रेपेटिटर म्हणून बोलावलंय. म्हणजे गायकांच्या भूमिका पियानोवर बसवून घ्यायच्या आणि तालमींत ऑर्केस्ट्राच्या जागी पियानो वाजवायचा. करारात 'गरजेनुसार कंडक्टिंग' अशी एक ओळ आहे. त्यांच्या गुरूंचं म्हणणं, "त्या खोलीत एकदा गेलास की बाहेर येणार नाहीस." त्यांना स्वतःला सिम्फनी करायच्या आहेत, ऑपेरा नाही. तिशीच्या आत नाव झालं नाही तर खेळ संपला, अशी धास्ती आहे. ताजा कलम: परवाच्या तालमीत ओबो (एक फुंकवाद्य) वाजवणाऱ्या बाईंनी विचारलं, "हा सूर आखूड हवा की लांब?" हे म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसा." बाईंनी मान डोलावली आणि उरलेल्या तालमीत यांच्याकडे पाहिलंच नाही. होकार-नकार पंधरा दिवसांत कळवायचाय.

तुमचं पत्र चार पानी आहे. चार पानी पत्राच्या तळाशी 'ता. क.' म्हणून माणूस जे चिकटवतो, ते बहुधा त्याला पहिल्याच ओळीत लिहायचं असतं. तुमच्या ओबोवादक बाई त्यातल्याच. त्यांच्याकडे मी येणार आहे, पण आधी नोकरीचा हिशेब मांडू. पंधरातले काही दिवस एव्हाना गेलेच असतील.

पियानोची नोकरी म्हणजे पायरी उतरणं, हे तुम्ही धरूनच चालला आहात. कुठून उचललंत? जर्मन भाषिक मुलखात कंडक्टर व्हायचा जुना रस्ता त्याच खोलीतून जातो. आधी रेपेटिटर, मग दुसरा कापेलमाइस्टर (हाऊसचा कंडक्टर), मग पहिला, आणि सगळ्यात वर त्या शहराचा जनरल म्यूझिक डायरेक्टर. गेऑर्ग सोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात वर्षानुवर्षं पियानोवर गायकांना तयार करत होते. तिथला पोडियम, म्हणजे कंडक्टरचा चौथरा, त्यांना मिळाला तो 11 मार्च 1938 ला, मोत्सार्टच्या 'फिगारो'साठी. दुसऱ्या दिवशी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि ज्यू सोल्टींचं तिथलं दार बंद झालं. सिमोन यंग कोलोनच्या ऑपेरात रेपेटिटर होत्या. पुढे 1993 मध्ये व्हिएन्ना स्टेट ऑपेरात कंडक्ट करणारी पहिली बाई त्याच ठरल्या. क्रिस्टियान थीलेमान एकोणिसाव्या वर्षी बर्लिनच्या डॉइचं ऑपेरात याच कामाला लागले. तुम्हाला जी खोली तुरुंगासारखी वाटतेय, तिच्यातून ही मंडळी बाहेर आलीच ना.

आता लहान शहराचं. गुस्ताव माहलरची पहिली नोकरी 1880 च्या उन्हाळ्यातली, बाड हाल नावाच्या आरोग्यस्नानाच्या गावी. काम काय, तर सुट्टीवर आलेल्या लोकांसाठी ऑपरेटा, म्हणजे हलकेफुलके ऑपेरा. त्यानंतर लायबाख, ओल्म्युत्स, कासेल, प्राग, लाइपझिग, बुडापेस्ट, हॅम्बर्ग. व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरापर्यंत पोहोचायला 1897 साल उजाडलं. म्हणजे सतरा वर्षं. आणि ज्यांच्या सिम्फनी तुम्हाला करायच्या आहेत, त्यांत माहलर असणारच. तर ते सगळं लिहिणारा माणूस पोटासाठी जवळजवळ जन्मभर ऑपेरात राबत होता आणि सिम्फनी लिहीत होता ते उन्हाळ्याच्या सुट्टीत.

आजचं उदाहरण हवं असेल तर किरिल पेट्रेंको घ्या. 1999 मध्ये ते माइनिंगनला गेले. थुरिंगियातलं चिमुकलं गाव. तिथे 2001 मध्ये त्यांनी वॅग्नरचं 'रिंग', चारही ऑपेरा, लागोपाठच्या चार दिवसांत उभं केलं. साधारण पंधरा तासांचं संगीत आहे ते. 2015 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या वादकांनी मतदान करून त्यांना प्रमुख कंडक्टर निवडलं, तेव्हा त्यांच्यामागे माइनिंगन, बर्लिनचा कोमिशं ऑपर आणि म्युनिकचा स्टेट ऑपेरा, असं सगळं घडणं ऑपेराचं होतं. जगातला सगळ्यात मिजासखोर सिम्फनी ऑर्केस्ट्रा, आणि माणूस निवडला तो ऑपेरा हाऊसमधून. (मिजासखोर हे मी प्रेमानं म्हणतेय.) तेव्हा सिम्फनी की ऑपेरा असा दोन दारांचा प्रश्न तुम्ही उभा केलाय, तो मला पटत नाही.

तिशीची धास्ती मात्र तुमच्या एकट्याची नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत ती असते. तिचं मूळ दोन-तीन दंतकथांत आहे. 30 जून 1886, रिओ दि जानेरो. प्रेक्षक आरडाओरडा करताहेत, कंडक्टर जागेवर नाही, आणि 19 वर्षांचा चेलोवादक आर्तुरो तोस्कानिनी उठून सगळं 'आइडा' तोंडपाठ कंडक्ट करतो. गोष्ट खरी आहे. पण सांगताना पुढचं-मागचं गाळतात. हा पोरगा त्या कंपनीत कोरसच्या तालमी घ्यायला मदत करत होता, गायकांबरोबर काम करत होता, म्हणून स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं आणि आवाजांचं लिहिलेलं संगीत, त्याच्या डोक्यात होता. आणि त्या रात्रीनंतर काय झालं? पुढच्या फेब्रुवारीत मिलानच्या ला स्कालात वेर्दींच्या 'ओतेल्लो'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तोस्कानिनी पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या वादकांच्या खड्ड्यात, बसून चेलो वाजवत होते.

लेनर्ड बर्नस्टीनचं तसंच. 14 नोव्हेंबर 1943, ठरलेले कंडक्टर ब्रुनो वॉल्टर आजारी, पंचविशीतला सहायक तालमीशिवाय न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभा राहतो, देशभर रेडिओवर प्रक्षेपण होतं. सहायकाची नोकरी असते कशासाठी? दुसऱ्याच्या तालमींना बसायचं आणि त्याचे सगळे स्कोअर तयार ठेवायचे, न जाणो कधी वेळ आली तर. वेळ आली. आणि त्याच ऑर्केस्ट्राचे म्यूझिक डायरेक्टर ते कधी झाले, तर 1958 मध्ये. दुसऱ्या टोकाला पिएर माँतो: 1961 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, त्यांनी लंडन सिम्फनीशी 25 वर्षांचा करार केला. या धंद्यात तुम्ही अजून रांगताय.

आता मला जे तुम्हाला खरं सांगायचंय ते. तुम्हाला कमी पडतोय तो वेळ. नाव नव्हे, वेळ. व्हायोलिनवाला दिवसाला सहा तास चुका करतो आणि शेजाऱ्यांखेरीज कुणाला कळत नाही. तुमचं वाद्य म्हणजे साठ-सत्तर माणसं. शिकताना ती तुमच्या वाट्याला महिन्यातून किती मिनिटं आली, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातही प्रत्येक मिनिटाला परीक्षक किंवा वर्गमित्र बघत असतात. स्पर्धेत तुम्ही मागे पडलात ते बहुधा याचमुळे. गुस्ताव्हो दुदामेलनी 2004 मध्ये बांबर्गची पहिली माहलर स्पर्धा जिंकली, पण त्याआधी काही वर्षं ते व्हेनेझुएलाच्या युवा ऑर्केस्ट्रासमोर उभे राहत होते. स्पर्धेत तेवढे तास पदरी असलेली मुलंच पुढे जातात.

ऑपेरा हाऊसमध्ये हा वेळ मिळतो, पण ज्या रूपात तो मिळतो ते सुरुवातीला ओळखू येत नाही. मी अशा घरांत, म्हणजे ऑपेरा हाऊसांत, अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते. 'फिगारो'च्या दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या, वीस मिनिटांचा. डाव्या हातात बास, उजव्या हातात व्हायोलिन आणि वुडविंड जेवढं मावेल तेवढं, बॅरिटोनला सर्दी झालीय म्हणून त्याची ओळ आपल्या तोंडी, आणि डोळा सतत कंडक्टरच्या हातावर. असं चार महिने केलंत की कोणाच्या हातातून लय कळते आणि कोण नुसता हवेत पंखा फिरवतो, हे बोटांना समजायला लागतं. पोडियमवर उभं राहून ते कधीच कळत नाही, कारण तिथून आपला हात आपल्याला दिसत नाही.

आणि मग ती रात्र येते. जुन्या प्रॉडक्शनचा प्रयोग, ऑर्केस्ट्राबरोबर एकही तालीम नाही, कारण त्यांनी ते तीस वेळा वाजवलेलं असतं. माझी पहिली तशी रात्र 'ला बोहेम'ची. दुसऱ्या अंकात मुसेटाच्या वॉल्ट्झमध्ये सोप्रानोनं वरचा सूर धरला आणि सोडेचना. माझा हात खाली आलेला. अर्धी व्हायोलिनं माझ्याबरोबर, अर्धी तिच्याबरोबर, हार्प कुणाबरोबरच नाही. कॉन्सर्टमास्टरनं, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखानं, माझ्याकडे न बघता डावा खांदा बोटभर उचलला आणि सगळे त्या खांद्याबरोबर खाली आले. चार सेकंद असतील. मध्यंतरात तो जिन्यात भेटला, म्हणाला, "तिच्या हाताकडे काय बघतेस? बरगड्यांकडे बघ." गायकाचा श्वास आधी दिसतो, सूर मागून येतो, हे मी कितीतरी पुस्तकांत वाचलेलं होतं. कळलं त्या जिन्यात. आणि पुढे सिम्फनीत ओबो-क्लॅरिनेटचा सोलो आला की मी आपोआप त्यांच्या बरगड्याच बघायला लागले.

दुसरं एक जे तिथेच अंगवळणी पडतं ते अंतराचं. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. कोरस तुमच्यापासून 25 मीटरवर, स्टेजच्या पार मागे उभा असेल, तर त्यांचा सूर तुमच्या कानी यायला 0.07 सेकंद लागतात. मिनिटाला 160 ठोक्यांची लय असेल तर ठोक्याचा चौथा भाग 0.09 सेकंदाचा. म्हणजे ते अचूक गात असले तरी तुम्हाला जवळपास पाव ठोका मागे ऐकू येणार. तुम्ही कानावर विसंबून त्यांच्यासाठी थांबलात की ते तुमच्यासाठी थांबतील, आणि दहा मात्रांत गाडा चिखलात. हात पुढे ठेवून कानाला गप्प बसवायचं असतं. सराव केल्याखेरीज येत नाही हो.

एवढं वाचून 'जातोच' असं म्हणू नका. तुमचे गुरू अर्धे बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग टोचणारा आहे. तुम्ही पियानो जितका उत्तम वाजवाल तितकं हाऊसला तुम्हाला खोलीतून सोडणं महाग पडेल. चांगला रेपेटिटर मिळणं कठीण असतं. पोडियमवर चढायला मात्र सगळेच तयार असतात. मी दहा-दहा वर्षं त्याच खोलीत बसलेले लोक पाहिलेत, मनानं कंडक्टर, करारानं पियानिस्ट. काहींना ते मनापासून आवडतं, त्यांच्याइतकं संगीत जाणणारं घरात कुणी नसतं. काही मात्र कडू होतात. 'गरजेनुसार कंडक्टिंग' ही ओळ त्यांच्याही करारात होती. गरज कोणाची, हे तिथे लिहिलेलं नसतं.

म्हणून होकार कळवण्याआधी फोन करा. ई-मेल नको, फोन. जनरल म्यूझिक डायरेक्टरांशी बोलायला मागा आणि सरळ विचारा की पहिल्या सीझनमध्ये माझ्या नावावर किती प्रयोग लागतील. 'बघू' म्हणाले तर पुढचा प्रश्न: आधीच्या रेपेटिटरना किती मिळाले, आणि ते आता कुठे आहेत? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारापेक्षा जास्त सांगतं. ते जर दुसरीकडे कापेलमाइस्टर झाले असतील तर त्या घराला माणसं वर पाठवायची सवय आहे. स्टेजमागचा कोरस, स्टेजवरचा बँड, मुलांची मैफल, ऑपरेटाचे उरलेसुरले प्रयोग, हे सगळं मागून घ्या. यातलं काहीही हलकं नाही. तीन-चार प्रयोग आकड्यात लिहून द्यायला तयार असतील तर डोळे मिटून सही करा. शब्दही द्यायला तयार नसतील तर मी जाणार नाही. अधेमधे असेल तर, माझं मत विचाराल तर, एक सीझन जाऊन बघावं.

तारखांचंही लक्षात असू द्या. तिथल्या रंगमंच-कलाकारांचे करार सीझनच्या हिशेबानं चालतात, आणि पुढे ठेवायचं नसेल तर हाऊसनं ते साधारणपणे 31 ऑक्टोबरपर्यंत कळवायचं असतं. तुमचा करार दोन सीझनचा, म्हणजे दुसरा सीझन जेमतेम सुरू होतोय तोवर तुमचा फैसला झालेला असेल. पहिलं वर्ष रुळण्यात घालवू आणि दुसऱ्या वर्षी दाखवू, असा बेत असेल तर तो मोडीत काढा. पहिल्याच हिवाळ्यात, घरात जे जे जुनं चालू आहे ते सगळं असं तयार ठेवा की संध्याकाळी पाचला फोन आला तरी सातला उभं राहता येईल. ते फोन येतात. फ्लूच्या दिवसांत तर फारच.

तुमच्या बावीस जणांच्या ऑर्केस्ट्राबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, त्याही ओशाळून. तो मोडू नका. सीझन संपल्यावर उन्हाळ्यात आठवडाभर भेटा, हायडनची एक सिम्फनी करा. हायडन लपू देत नाही, म्हणून म्हणते. कॅमेरा मात्र वादकांच्या मागून, तुमच्या तोंडावर लावा; प्रेक्षकांतून काढलेला व्हिडिओ म्हणजे कोटाची पाठ. स्पर्धाही सोडायचं कारण नाही, बऱ्याच ठिकाणी वयाची अट पस्तिशीच्या आसपास असते. दोन वर्षांनी हाताला सवय झाल्यावर पुन्हा उतरा.

ज्यांना असं बोलावणं आलेलं नाही अशा वाचकांसाठी एवढंच: वाद्य वाजवत असाल तर ते सोडून कंडक्टर व्हायला जाऊ नका. माँतो आणि जुलिनी व्हायोला वाजवत होते, बार्बिरोली चेलो, झुबिन मेहता व्हिएन्नात शिकताना डबल बास. पियानो कच्चा असेल तर इटालियन आणि जर्मन पक्कं करा, कोरसबरोबर काम मागा, आणि मिळेल त्या तालमीला स्कोअर मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसा. बऱ्याच ठिकाणी नम्रपणे विचारलं तर बसू देतात.

आणि आता त्या बाई.

त्यांनी विचारलं, आखूड की लांब. तुम्हाला वाटलं की हा तुमच्या ज्ञानाचा पेपर आहे, आणि त्या तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, म्हणून तुम्ही उत्तरपत्रिका त्यांच्याच हातात दिलीत. तुम्हाला तो विनय वाटला. पण त्यांना उत्तर माहीत होतंच हो! ओबोवर तो सूर आखूडही वाजतो, लांबही, दोन्ही सुंदर. अडचण एवढीच की त्यांच्या मागे क्लॅरिनेट आणि बासून तोच आकार घेऊन येणार होते, आणि तिघांनी आपापल्या मनानं वाजवलं असतं तर तीन वेगळे सूर झाले असते. तो निर्णय तिघांपैकी कुणी घेऊ शकत नाही. त्यासाठीच तर मधे एक माणूस उभा करतात, ज्याच्या हातातून एकही सूर निघत नाही. "आखूड" म्हणायचं होतं. ऐकल्यावर चुकीचं वाटलं तर, "माफ करा, लांबच बरं." वादक चुकीचा निर्णय माफ करतात, दर तालमीत दोन-चार करतातच. निर्णयच आला नाही की ते स्टँडवरच्या कागदाकडे बघू लागतात, आणि मग तुम्ही आहात काय, नाही काय.

मला वाटतं, पियानोच्या नोकरीला तुम्ही जो नकार शोधताय त्याच्या मुळाशीही हेच आहे. स्पर्धा, अर्ज, स्वतःचा ऑर्केस्ट्रा, यात निवड करणारे दुसरे असतात किंवा समोर मित्र असतात. त्या खोलीत रोज सकाळी दहाला एक मेझो (मधल्या पट्टीची गायिका) येईल, तुमच्यापेक्षा दुप्पट अनुभवी, आणि विचारेल, "इथे श्वास घेऊ की पुढच्या मात्रेनंतर?" दिवसातून चाळीस वेळा. चुकलं तर अकराला दुसरा गायक येतो, पहिल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

ओबोवादक बाई अजून तुमच्या ऑर्केस्ट्रात आहेत, असं पत्रावरून दिसतं. पुढच्या तालमीला दहा मिनिटं आधी जा. त्या ओबोची रीड (फुंकायची पाती) भिजवत बसलेल्या असतील. त्या जागेचा मात्रा क्रमांक सांगा आणि म्हणा, आखूड हवा.